मिसळणाच्या डब्यातले केप

बंदुकीच्या रेंजवर नोकरी केलेल्या माणसाच्या घरात रिकामी काडतुसं सापडतच राहतात. कितीही झाडून घ्या, एखादं बुटात निघतं, एखादं पँटच्या खिशात. आमच्याकडे तर एकदा पिठाच्या चाळणीत निघालं होतं. किस्स्यांचंही तसंच आहे. बहारीन सोडून मी कधीचा परत आलो, बॅगा रिकाम्या झाल्या, पण चार माणसांत चहाला बसलो की एखादा किस्सा टपकन खाली पडतोच. मग बायको कपबशा उचलत म्हणते, "पडलो एक! आता सगळे पडतले."

तर पडू देत.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मनामा सोडून साखीरच्या बाजूला गेलं की वाळवंटात आमच्या अरबाबचा, म्हणजे मालकाचा, खाजगी रेंज होता. तारेचं कुंपण, दोन पोर्टा केबिन, पाण्याची टाकी आणि बशा उडवायचं मशीन. बशा म्हणजे मातीच्या चकत्या. मशीन त्या हवेत फेकतं आणि शिकारीच्या बंदुकीने त्या उडता उडता फोडायच्या. या खेळासाठी माणसं लाखमोलाच्या बंदुका घेतात. मोहिते म्हणायचा, "आमच्याकडं बशी फोडली तर बायको मारती."

मोहिते साताऱ्याकडचा. ड्रायव्हर, शिवाय खड्ड्यात बसून मशीनने बशा उडवायचं काम त्याचंच. मी सावंत, देवगडचा, स्टोअरकीपर. आणि मालकाचं नाव बू राशिद, म्हणजे राशिदचा बाप; तिकडे माणसाला अशीच हाक मारतात.

बू राशिद म्हणजे घाई. याहून वेगळं वर्णन मला जमणार नाही. सिग्नल हिरवा होण्याआधी हॉर्न, लिफ्ट येण्याआधी जिना, विनोद संपण्याआधी हसणं. मनाने राजा माणूस, पण थांबणं त्याच्या रक्तात नव्हतं. रमझानमध्ये अजान व्हायच्या कितीतरी आधीपासून खजूर ओठांपाशी धरून बसायचा आणि घड्याळाकडे असा बघायचा की घड्याळालाच अपराधी वाटावं.

नेमबाजीत हीच घाई नडायची. उडत्या बशीच्या थोडं पुढे मारावं लागतं, म्हणजे बशी आणि छर्रे एका जागी भेटतात. हा इतका पुढे मारायचा आणि मारून लगेच बंदूक थांबवायचा, की बशी त्या जागी पोचेपर्यंत छर्रे केव्हाच वाळूत पडलेले! मोहिते खड्ड्यातून वर येऊन म्हणायचा, "अरबाब उद्याच्या बशीला आजच मारतोय."

पण हे अरबाबला सांगणार कोण? त्याच्या मते बंदूक उत्तम होती, हात तर उत्तम होताच. मग उरलं काय? काडतूस! दुकानातली काडतुसं खराब, असा निकाल लागला. काडतुसं आपली आपण भरायची ठरली. रीतसर परवानगी आली, सामान आलं, टेबल लागलं. फक्त भरणारा माणूस पाहिजे होता.

*

त्या जागेसाठी हसनमियाँ आले. दापोलीकडचे. एरवी एसी दुरुस्तीचं काम करायचे, वय पन्नाशीकडे झुकलेलं, मेंदी लावलेली दाढी. या विषयातलं ज्ञान एकच, त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती.

अरबाबने विचारलं, "केप मालूम?"

केप म्हणजे काडतुसाच्या बुडातली पितळी टोपी, कपाळावरच्या टिकलीएवढी. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते, ठिणगीने दारू पेटते, दारूने छर्रे सुटतात. इंग्रजीत तिला प्रायमर म्हणतात, कोकणातला शिकारी म्हणतो केप.

हसनमियाँ म्हणाले की केपावरच लहानाचे मोठे झालो. वडील केप कसे उन्हात वाळवायचे, बंदुकीला कसे बसवायचे, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. अरबाब घाईत होता, पण हे ऐकायला थांबला.

"बाप ने उस बंदूक से क्या मारा?" त्याने विचारलं.

हसनमियाँनी दाढीवरून हात फिरवला. "सच बोलूं अरबाब? एक बार डुक्कर पर नेम लगाया था. खुद का गोठा मारा."

अरबाब इतका हसला की व्हिसाचे कागद तिथल्या तिथे करायला सांगितले. नंतर मला म्हणाला, हा माणूस खोटं बोलत नाही. ते खरंच होतं. हसनमियाँ खोटं कधी बोलले नाहीत. चुकीचं मात्र रोज बोलायचे आणि इतक्या खात्रीने बोलायचे की आपल्यालाच आपली लाज वाटावी.

*

केपांची एक भानगड असते. सगळे दिसायला एका साच्यातले, पण स्वभावाने वेगळे. काही मवाळ, काही जहाल, काही मधले. दारूतही प्रकार. जहाल केपाला चुकीची दारू दिली तर बंदूक खांदा निखळवते, मवाळ केपाला चुकीची दिली तर नुसतंच फुस्स. म्हणून केप निवडणं हेच खरं काम.

मी इंग्रजी पुस्तक वाचून सांगायचो, अमक्याला अमका. हसनमियाँ ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सावंत, ही सोयरीक हाय. पुस्तकात बघून सोयरीक जमते काय? घराणा बघावा लागतो." घराणं बघणं म्हणजे केप तळहातावर घेऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत बसणं.

पण त्यांची खरी भीती एकच. दमट हवा. कोकणातल्या माणसाचं अर्धं आयुष्य वस्तू वाळवण्यात जातं. ऑगस्टमध्ये बहारीनची हवा दमट झाली, चष्म्यावर वाफ धरायला लागली, तसे हसनमियाँ अस्वस्थ झाले. केपाला ओल लागली तर? गावाला त्यांचे वडील केप कुठे ठेवायचे? तांदळाच्या डब्यात. तांदूळ ओल शोषून घेतो.

रेंजवरच्या आमच्या किचनमध्ये तांदळाचा डबा होता. हसनमियाँनी मवाळ केपांची अख्खी पेटी त्यात ओतली आणि वर थोडे तांदूळ पसरले. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते ही सांगायची गोष्टच नव्हती. तांदळात केप ठेवतात हे कुणाला माहीत नसतं?

शुक्रवारी मोहित्याने मसालेभात केला. आपल्याकडची बाई असती तर तिने तांदूळ निवडले असते. पण गल्फमधला तांदूळ इतका स्वच्छ यायचा की निवडायची सवयच गेली होती. मोहित्याने डबा तसाच पातेल्यात उपडा केला, पाणी ओतलं, खडे वाटले ते तळाशी बसले, आणि भात शिजवायला ठेवला.

नेमका त्या दिवशी अरबाब जेवायला आमच्यात बसला. घाईघाईने दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला थांबला. तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. पुढच्या घासाला पुन्हा एक काढलं. मासळीचे काटे काढावेत तसं शांतपणे चाललं होतं. शेवटी कडेला पितळी टोप्यांची एक रांगच लागली.

हसनमियाँ भाताकडे बघत होते. मी हसनमियाँकडे बघत होतो.

अरबाब म्हणाला, "हसन, आज लंच में केप कौन सा कंपनी का?"

मोहित्याला हे काय प्रकरण आहे ते कळायला वेळ लागला. कळल्यावर तो उठून कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. पाण्यात भिजले की केप मरतात, असं मी त्याला परोपरीने समजावलं. तो म्हणाला, "ते तुमी केपाला सांगितलं व्हतं का?" संध्याकाळपर्यंत तो किचनमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हता.

अरबाबने त्या दिवशी कडक नियम केला. यापुढे केप किचनमध्ये जाणार नाहीत.

*

हसनमियाँचं कुटुंब गावाला, त्यामुळे सणाला आम्ही त्यांना घरी बोलवायचो. आम्ही मनामातल्या उम्म अल हस्समला राहायचो. एका दिवाळीला ते आले. चकल्या खाता खाता त्यांचं लक्ष माझ्या मुलीच्या खेळण्यातल्या पिस्तुलाकडे गेलं. टिकल्या वाजत नव्हत्या म्हणून ती कंटाळून बसली होती.

झालं! चकली खाली ठेवली गेली. हसनमियाँनी टिकल्यांची गुंडाळी उलगडली, हुंगली, बोटांनी चाचपली आणि निदान केलं, ओल लागली आहे. मुलगी म्हणाली, "अंकल, इट्स ओके, इट्स जस्ट अ टॉय." तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. हसनमियाँनी तिला ठासणीच्या बंदुकीवर छोटंसं व्याख्यान दिलं. नंतर मी दारापर्यंत त्यांना सोडायला गेलो तेव्हा ते गालातल्या गालात हसत होते. "उद्या बघ," म्हणाले. "ऊब लागेल अशा जागी ठेवल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको मुलीचा युनिफॉर्म इस्त्री करायला बसली. टेबलावर जाड चादर अंथरलेली असायची, तिच्यावर गरम इस्त्री फिरवली, आणि चादरीखालून तडतड तडतड सुरू झालं. धूर निघाला. बायकोने इस्त्री उचलली, वाजायचं थांबलं. घाबरून पुन्हा टेकवली, पुन्हा तडतड!

मुलगी धावत माझ्याकडे आली. "पपा, द आयर्न इज शूटिंग!"

खालून वॉचमन वर आला. त्याला इस्त्री दाखवली. त्याने इस्त्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जिन्याने खाली गेला. पुढे कित्येक दिवस तो आमच्या मजल्यावर लिफ्टने यायचा नाही, जिन्यावरूनच हाक मारायचा.

बायकोने जळकी चादर गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "हसनमियाँ देवमाणूस आसा. फराळाक कधीय येवंदेत. पण दारात खिसे उलटे करून दाखवूक व्हये."

*

आता बू खालिद. हा अरबाबच्या बायकोचा भाऊ. दिसायला देखणा, वागायला संथ, आणि नेमबाज अस्सल. त्याचा कंदुरा, म्हणजे तो पांढरा पायघोळ झगा, कधी चुरगळलेला दिसला नाही. इटलीची बंदूक, इटलीची काडतुसं. दर हिवाळ्यात मेहुणे-मेहुणे आमच्या रेंजवर सामना खेळायचे, आणि अट अशी की हरणाऱ्याने सगळ्या कुटुंबासमोर उभं राहून जिंकणाऱ्याला कहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायचा.

आमचा अरबाब वर्षानुवर्षं कहवाच ओतत होता. इतका, की दल्ला, म्हणजे ती लांब चोचीची किटली, त्याच्या हातात बंदुकीपेक्षा शोभून दिसायची.

एका वर्षी मात्र तो जिंकण्याच्या जवळ आला. शेवटची बशी उरली. अरबाबने चाप ओढला. टिक. बस, नुसतं टिक. केप वाजलाच नाही. बशी आरामात पलीकडे वाळूत जाऊन उतरली. बू खालिद हसलासुद्धा नाही, फक्त फिंजान, म्हणजे कहव्याचा छोटा कप, पुढे केला. ते न हसणं अरबाबला फार लागलं.

पाहुणे गेल्यावर तो केबिनमध्ये आला. ओरडला नाही, म्हणून आम्ही जास्त घाबरलो. तो म्हणाला, "हसन, अगला साल फिर टिक हुआ, तो केप खलास, टेबल खलास, वीज़ा खलास. दुकान का काडतूस लेगा."

हसनमियाँचा चेहरा उतरला. गावाला त्यांनी घर बांधायला काढलं होतं. भिंती उभ्या होत्या, वर स्लॅब नव्हता. बायको आणि दोन मुली त्या भिंतींमध्ये पत्रे टाकून राहत होत्या. या नोकरीवर तो स्लॅब पडणार होता. एसीचं काम आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. हे सगळं आम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं त्यांची टिंगल करणारा मोहिते त्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "चाचा, पुढल्या वर्साला टिक हुणार न्हाई. आपन बगू."

*

त्या वर्षी आम्ही जीव तोडून केप निवडायला घेतले. मी पुस्तक वाचायचो, हसनमियाँ घराणं बघायचे आणि मोहिते आवाजावरून परीक्षा घ्यायचा. खड्ड्यात बसल्यामुळे त्याला दिसायचं कमी, ऐकू जास्त यायचं. त्याने केपांच्या तीन जाती पाडल्या. सुतळी, लवंगी आणि पादरा. माझ्या पुस्तकातल्या वर्णनाशी त्या बऱ्याच जुळल्या, हे मला आवडलं नाही.

शेवटी मधला केप पसंत झाला. आता प्रश्न, जाती एकमेकांत मिसळू नयेत. पेट्या फाटलेल्या, पुठ्ठे ओले झालेले. हसनमियाँनी तोडगा काढला. मुहर्रकच्या खोलीवरून ते आपला मिसळणाचा डबा घेऊन आले. तोच, स्टीलचा गोल, आत वाट्या असलेला. केप किचनमध्ये जायला बंदी होती, म्हणून किचनच केपांकडे आलं.

मांडणी मात्र नामी होती. तिखटाच्या वाटीत जहाल केप, जिऱ्याच्या वाटीत मवाळ, हळदीच्या वाटीत मधले. कुणीही चुकणं शक्य नाही. त्यांनी डबा धुतला होता का, हे विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. नव्हता धुतला. गावाहून आलेली घरची हळद वाटीच्या तळाला तशीच बसलेली होती, आणि बहारीनची दमट हवा होतीच सोबतीला.

सामन्याच्या आधी डबा पिकअपमधून नेताना मोहित्याने एका खड्ड्यावर गाडी उडवली. झाकण निघालं. सगळ्या जाती एक झाल्या! एका साच्यातले केप, कोण कुठला कळेना. मोहिते गाडीच्या पायरीवर डोकं धरून बसला.

हसनमियाँ मात्र शांत. केपांवर वाकून म्हणाले, "अरे, हे बघ. पिवळे झालेत ते हळदीतले!" खरंच, मधल्या केपांवर हळदीचा रंग चढला होता. त्यांनी ते पिवळे केप वेचून वेगळे काढले आणि अरबाबची सगळी काडतुसं त्यांनीच भरली.

सरावाला अरबाब उभा राहिला. "यल्ला!" म्हणाला. मोहित्याने बशी सोडली. बशी फुटली. दुसरी सोडली. फुटली. तिसरीही फुटली. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. अरबाबच्या हातून इतक्या बशा ओळीने फक्त एकदाच फुटल्या होत्या, त्याच्या गाडीखाली खोका आला तेव्हा.

मोहिते खड्ड्यातून वर आला. तोंड गंभीर. त्याने आम्हाला टाकीमागे नेलं.

"चाचा, तुमचा केप आळशी झालाय," तो म्हणाला. "आदी टिक वाजतंय, मग ढुम. मदल्या येळंत माणूस जांभई दील."

आणि मग त्यानेच उलगडून सांगितलं. अरबाब नेहमीसारखाच घाईने फार पुढे मारतो आणि बंदूक तिथेच थांबवतो. पण हळदीने केप सुस्त झालाय, उशिरा वाजतो. तेवढ्यात बशी आपल्या पायांनी चालत छर्‍यांसमोर येते. अरबाबला टिक ऐकूच येत नाही, कारण तोपर्यंत तो पुढच्या बशीसाठी ओरडायला लागलेला असतो.

मी म्हणालो, हे केप बाद करायला हवेत. पुस्तकाप्रमाणे असा केप वापरणं चूक, शिवाय धोक्याचं. हसनमियाँनी एक पिवळा केप तळहातावर घेतला. मग म्हणाले, "सावंत, चांगले केप दिले तर अरबाब हरंल. हे दिले तर जिंकंल. माझा स्लॅब कुठल्या केपावर पडंल, तूच सांग मना."

मी पुस्तक मिटलं.

*

सामन्याच्या दिवशी सगळं कुटुंब आलं होतं. गालिचे पसरले, दल्ला निखाऱ्यावर चढला. बू खालिद नेहमीसारखा संथपणे बशा फोडत गेला, आणि आमचा अरबाब घाईघाईने फोडत गेला. टिक, ढुम, बशी. टिक, ढुम, बशी. हसनमियाँ केबिनच्या दारात उभे होते, ओठ हलत होते. शेवटी दोघांचे गुण बरोबरीत सुटले आणि निकालासाठी आणखी काही बशा फोडायच्या ठरल्या.

बरोबरी कधी झालीच नव्हती, त्यामुळे बू खालिदची काडतुसं संपली होती. ड्रायव्हरने जादा आणलीच नव्हती. कशाला आणेल बिचारा?

आता अरबी माणसाच्या दारात पाहुण्याला उणं पडलं तर यजमान काय करेल? अरबाबने आपला खोका उचलला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. छाती काढून म्हणाला, "एक खोका, दोनों का." सगळ्या बुजुर्गांनी माना डोलावल्या. मोहित्याने खड्ड्यातून डोकं बाहेर काढून हसनमियाँकडे बघितलं आणि परत आत घेतलं.

बू खालिदने बंदूक खांद्याला लावली. बशी सुटली. त्याने अचूक वेळी चाप ओढला. टिक. काहीच झालं नाही. त्याने आश्चर्याने बंदूक जरा वर केली, आणि ढुम! छर्रे थेट आभाळात. दुसऱ्या बशीला तेच. तिसऱ्या वेळी टिक झाल्यावर तो सावधपणे वाट बघत उभा राहिला, तर तोवर बशी दिसेनाशी झाली होती.

अरबाबने आपल्या सगळ्या फोडल्या. एकही टिक त्याच्या कानावर गेला नाही.

त्याने भाषण केलं. एकच खोका, एकच काडतूस, एकच ऊन, फरक फक्त हाताचा! मुलं नाचली. त्याने बैठक मारली आणि बू खालिदने उभं राहून, संथपणे, त्याला कहवा ओतला. अरबाबने घाईत जीभ भाजून घेतली, पण चेहऱ्यावरचं हसू जाऊ दिलं नाही.

मग बू खालिद आमच्या केबिनकडे आला.

हातात एक न वाजवलेलं काडतूस होतं. त्याने बुडाचा केप नखाने खरवडला. नख पिवळं झालं. हुंगलं. टेबलावर मिसळणाचा डबा होता, त्याचं झाकण काढलं आणि एकेका वाटीत बघत राहिला. तिखट, जिरं, हळद. मागोमाग अरबाबही आला होता, दारात उभा होता. मला स्लॅबविना उभ्या असलेल्या त्या भिंती दिसायला लागल्या.

"हसन," बू खालिदने विचारलं, "ये केप खराब है?"

हसनमियाँ खोटं बोलत नसत, हे मी सांगितलंच आहे. त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"खराब नहीं, शेख. अरबाब के नाप का है."

अरबाब खूश झाला. त्याने हसनमियाँच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हा माणूस इथून कुठेही जाणार नाही. बू खालिदने अरबाबकडे बघितलं, हसनमियाँकडे बघितलं, डब्याचं झाकण हलकेच लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा ड्रायव्हर आला. एका हातात इटलीची बंदूक, दुसऱ्या हातात मनामाच्या बाजारातून घेतलेला नवा कोरा मिसळणाचा डबा. दोन्ही हसनमियाँच्या टेबलावर ठेवून म्हणाला,

"शेख बोला, हमारा भी नाप ले लो."